तबकडी, आकाश, तबकडी

तबकडी

आधी तबकडी दाखवायची, मग आकाश, मग पुन्हा तबकडी. इथला नेमच तो.

तबकडी म्हणजे पातेल्यावरच्या झाकणाएवढी धातूची चकती. काळीकुट्ट रंगवलेली, मागून तापवलेली. तिचं तापमान माहीत, म्हणून ती किती उष्णता फेकते तेही माहीत. यंत्राने आधी ती बघायची, मग मान वर करून आकाश बघायचं, आणि तुलना करून सांगायचं, की डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात हे आकाश किती उजळ आहे. त्या प्रकाशात आकाश कधीच पुरतं काळं नसतं. हवा झळकते, हवेतली ओल झळकते, दिवसा काय नि रात्री काय. इथलं आकाश पुरेसं काळं निघालं तर डोंगरावर मोठी दुर्बीण. नाही निघालं तर कुलूप.

नाही निघालं. थंडीपासून आकडे जे चढले ते चढलेच. दुर्बिणीसाठी झटणाऱ्या साहेबांचा चेहरा उतरला. मोजणीवालीने मात्र मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती.

आकाश

(याला आकाश म्हणायचं, कारण धाकटीचा फोन फक्त उघड्यावर लागतो.)

“ताई, सामान बांधलंस?”

“अहवाल जाऊ दे आधी.”

“तुझा अहवाल म्हणजे पाहुण्यासारखा. निघतो निघतो म्हणतो आणि दारातच गप्पा मारत उभा.”

“आई कशी आहे?”

“मला तुझ्या नावाने हाक मारते, रागावतेही तुझ्याच नावाने. ये आता, ज्याची बोलणी त्याला खाऊ दे.” आणि लगेच, “पहिल्या तारखेला मला तिकडे नोकरीवर हजर व्हायचंय. या वेळी नाही म्हणणार नाहीये मी.”

आधी दोनदा ती नाही म्हणाली होती. दोन्ही वेळा ताईची मोजणी संपायची होती.

“येते,” मोजणीवाली म्हणाली.

तबकडी

दुपारी ती आणि यंत्राची डागडुजी करणारा मेस्त्री यंत्र उतरवायला बसले. तबकडीवरचं झाकण, यंत्राला आत बघण्यापुरतं भोक असलेलं, वर्षभर कुणी काढलं नव्हतं. म्हणजे तिने काढलं नव्हतं.

काळ्या चकतीवर आडवी, रुंद, आरशासारखी चिकटपट्टी.

“मेस्त्री, हे काय?”

“तापमानाची वायर सुटली होती ना, थंडीत. बसवली. बघा कशी बसलीय, इस्त्री केल्यासारखी.”

“चकचकीत आहे.”

“मग? मळकी लावायची होती?”

ती खाली बसली.

“चकचकीत वस्तू कंजूस असते, मेस्त्री. स्वतःची उष्णता सोडत नाही. तबकडी आपण समजत होतो त्याहून मंद होती. आणि मंद तबकडीशेजारी आकाश...”

“...उजळ वाटणार.” मेस्त्रीने टोपी काढली. “म्हणजे आकाशाचा काही दोष नाही?”

“नसावा.”

“मग तेवढं वजा करा की.”

पट्टीची एक कड सुटून कुरळी झाली होती. कधीपासून सुटत होती, किती किती, कोण सांगणार. रोज वेगळी चूक. वजा करायचं तरी काय?

मेस्त्री हळूच म्हणाला, “साहेब माझी सालं काढतील. बाई, मी ती ओरबाडून टाकतो आणि तबकडी खोक्यात घालतो. तुम्हालाही घरी जायचंय. इथे कोण बघायला बसलंय?”

खरंच, कुणीच नव्हतं. खोकं शेजारीच उघडं होतं. तिने तबकडी उचलली, खोक्यावर धरली, आणि

आकाश

नाही. आधी एकदा बघू या, ती म्हणाली. नुसतं बघायला काय हरकत आहे?

हीच तिची जन्माची खोड. पट्टी काढली, वायर मागच्या बाजूने बसवली, रंगाचा हात दिला, सुकू दिला, तबकडी तापू दिली. यंत्राने तबकडी बघितली. आकाश बघितलं. पुन्हा तबकडी.

आकडा आला. थंडीपासून असा काळा आकडा आला नव्हता.

एका दुपारच्या आकड्यावर दुर्बीण उभी राहत नसते. सगळे ऋतू पुन्हा मोजावे लागणार. आनंद व्हायला हवा, असं तिला वाटलं. ती वाट बघत राहिली, झाला नाही. मेस्त्री तिच्याकडे बघत होता, म्हणून ती “चांगलं आहे” एवढं म्हणाली आणि साहेबांना फोन लावला.

“तबकडीवर पट्टी लागली होती. झाकण काढून मी बघायला हवं होतं.” कुणी लावली हे साहेबांनी विचारलंच नाही. ते हसतच सुटले होते. “अजून एक वर्ष फक्त,” ते म्हणाले. फक्त.

मधलंच

मग उघड्यावर जाऊन तिने ते एक वर्ष धाकटीला फोनवर सांगितलं. धाकटी म्हणाली, “मी जाणार आहे, ताई.”

“जा. जायलाच हवं.”

“आणि आई?”

“आईला इकडे आणते. डोंगराखालच्या गावात खोली बघते. रोज खाली-वर करेन.”

“एवढा घाट रोज? मरशील.”

“बघू.”

“तिला जिना चढवत नाही.”

“तळमजला बघते.”

“संडास घरातच हवा. आणि रात्रीची गोळी अर्धीच द्यायची, अख्खी दिली तर सकाळी उठत नाही. तिला सांगायचं नाही अर्धी आहे म्हणून, भांडते.” धाकटीचा आवाज फुटला, पुन्हा सावरला. “लिहून घेतेयस का?”

मोजणीवालीने खोक्याचं झाकण गुडघ्यावर ओढलं आणि मेस्त्रीपुढे पेनासाठी हात केला.

“बोल,” ती म्हणाली. “सकाळपासून सांग.”