कस्तुराबाईंच्या पावलांचा टँगो

मित्रांनो, मी एक जुना अकॉर्डियन आहे. मोशीत कोंडीराम यांच्या घरी सुखाने नांदतो. माझा जन्म मात्र युरोपातल्या एका बंदरगावी झाला.

माझे पहिले मालक आन्तोन बंदरावरच्या खाणावळीत वाजवीत. समुद्रापलीकडून आलेल्या खलाशांनी त्यांना टँगो नाचाचा ठेका ऐकवला. त्याच ढंगावर त्यांनी माझ्यावर स्वतःची एक धून बांधली. ती ठसक्यात पुढे येई, मध्येच श्वास रोखून थांबे, आणि ऐकणाऱ्याला वाटे, आता पाऊल टाकायलाच हवे! त्या थांबण्यातच तिची सारी मोहिनी होती. घराच्या आठवणीने डोळे पुसणारे खलाशीही नाचायला उठत.

आन्तोन यांचा नातू इंजिनिअर होऊन चाकणच्या एका कंपनीत आला, तेव्हा मीही आलो. एका लग्नात त्याला बँडमधले कोंडीराम भेटले. एकमेकांची भाषा कळेना, पण नातवाने वाजवून दाखवलेली ती धून कोंडीराम यांनी एका बैठकीत उचलली. मायदेशी परतताना नातवाने मला त्यांच्याच हाती सोपवले. मग काय, आकुर्डीपासून चाकणपर्यंत कितीतरी वराती मी नाचवल्या! पुढे डीजे आले, बँड मोडला आणि मी माळ्यावर गेलो.

गेल्या वर्षी कोंडीराम यांच्या पत्नी कस्तुराबाईंना कंपवात झाला. उंबऱ्याशी आल्या की पाय जागीच थिजत. पडण्याच्या भीतीने त्यांनी बाहेर जाणेच सोडले. डॉक्टर म्हणाले, "ठेका ऐकत चालून बघा." सून विजयश्रीने मोबाइलवर गाणी लावली, पण ती फार घाईची, कस्तुराबाई आणखीच गोंधळत. शेवटी तिने मला खाली उतरवले.

"मामंजी, तुमची ती परदेशी धून वाजवा की."

भाता एका कडेने फाटला होता. तिने त्यावर चिकटपट्टी लावली. कोंडीराम यांनी मला गळ्यात अडकवले. माझा सूर घोगराच निघाला. धून पुढे आली, थांबली. कस्तुराबाईही थांबल्या. पुढच्या ठोक्याला त्यांचे पाऊल उचलले आणि उंबऱ्यापलीकडे पडले!

कोंडीराम यांनी वाजवता वाजवता विचारले, "दमलीस का? थांबू?"

"न्हाई वो, वाजवा. शेजारच्या मंजुळाबाईकडं जायचंय. लई दिस झालं तिच्या हातचा चहा पिऊन."

आम्ही वाजतगाजत गेलो. मंजुळाबाईंनी आम्हाला पाहिले, अन् चुलीवरचे आधण तसेच टाकून मैत्रिणीला मिठी मारायला धावल्या.

मित्रांनो, मला घडवणाऱ्या, वाजवणाऱ्या आणि माळ्यावरून उतरवणाऱ्या साऱ्या हातांचा मी ऋणी आहे. तुमच्या घरात एखादे वाद्य मुके पडले असेल, तर धूळ पुसा, ओलीपासून जपा, आणि घोगरे वाजले तरी वाजवा. त्याच्या सुरांची वाट कुणाचे पाय पाहत असतील, सांगता येत नाही.