दोन टाक्या, एक इलेक्ट्रोड

दादाच्या छातीचा फोटो साफ आला म्हणून वहिनीचा जीव भांड्यात पडला, आणि मला मात्र धडकी भरली. फिल्म मी उजेडासमोर धरून पाहिली होती. बरगड्यांच्या मधे नुसता काळोख. खडी मशीनवर अर्धं आयुष्य दगडाची धूळ खाल्लेला, जिना चढताना मधेच कठडा धरून उभा राहणारा माणूस, त्याची छाती इतकी कोरी?

त्या तपासणी केंद्रात मी नुकतीच बदली होऊन आले होते. खडी मशीनवरच्या कामगारांचे एक्स-रे माझ्या आधीच काढून झाले होते आणि झाडून सगळे कामाला योग्य ठरले होते. एकही अपवाद नाही! यात काही काळंबेरं आहे असं कुणाच्या मनातही येऊ नये, याचाच मला जास्त संताप आला.

डार्करूममध्ये शिरले आणि आधी पीएच मीटरचा, म्हणजे द्रावण किती आम्ल किंवा अल्कली आहे ते मोजणाऱ्या यंत्राचा, इलेक्ट्रोड पाहिला. एकच होता. तोच फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या टाकीत बुडवायचा आणि तोच ते चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरच्या. एकच झाडू संडासात आणि स्वयंपाकघरात फिरवावा तसला प्रकार. इलेक्ट्रोडच्या टोकाशी एक बारीक सच्छिद्र जागा असते, तिच्यातून आतल्या द्रावणाचा बाहेरच्याशी संबंध राहतो. फिक्सर तिथून आत शिरला की आतल्या चांदीचा काळा गाळ होतो आणि वाट बुजते. इथे ती जागा काळीठिक्कर पडली होती. त्यात इलेक्ट्रोडच्या टोकाची काच साधी. डेव्हलपरमध्ये अल्कली कडक, सोडियम भरपूर. साधी काच तिथे गडबडते आणि खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते.

आकडा कमी दिसला की अल्कली घाला, अशी सूचना भिंतीवर चिकटवलेली. मग काय, घाल अल्कली, पुन्हा घाल. डेव्हलपर इतका जहाल झाला होता की फिल्म काळीकुट्ट करून टाकत होता, आणि फुप्फुसातले धुळीचे पांढरे ठिपके त्या काळ्यात गडप होत होते.

"रोज तपासतो की आम्ही," भांडार सांभाळणारे गृहस्थ म्हणाले. "ठरलेल्या आकड्याच्या बफर द्रावणात अगदी बरोबर दाखवतो."

"कुठल्या बफरमध्ये?"

"चारच्या आणि सातच्या."

"आणि डेव्हलपर दहाच्या वर असतो! घरातल्या घरात चालून दाखवलं म्हणून माणूस डोंगर चढतो का?"

"सगळ्या कामांना चालतो असं खोक्यावर छापलंय, मॅडम."

"खोक्यावर काय, वाट्टेल ते छापतात."

माझी एक मैत्रीण सिनेमाच्या फिल्म धुण्याच्या कारखान्यात आहे. तिच्याकडून मी कडक अल्कलीत टिकणाऱ्या काचेचा, आत दोन कप्पे असलेला इलेक्ट्रोड मागून आणला. सातच्या आणि दहाच्या बफरमध्ये जुळवून घेतला, धुतला, न घासता टिपला, आणि डॉक्टरसाहेबांना अक्षरशः ओढत डार्करूममध्ये नेलं. जुना इलेक्ट्रोड दहा पूर्णांक तीन दाखवत होता, म्हणजे अगदी हवा तितका. नवा हळूहळू चढत गेला आणि अकराच्या पुढे जाऊन स्थिरावला.

"म्हणजे मी सह्या केलेले सगळे फोटो..."

"हो."

साहेब स्टुलावर बसले. मला वाटलं, आता टोलवाटोलवी सुरू होणार. पण ते म्हणाले, "सगळ्यांचे पुन्हा काढायचे." त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल खरोखर आदर वाटला.

टाक्या रिकाम्या करून मी नवा डेव्हलपर बनवला. फिक्सरला त्याचा वेगळा इलेक्ट्रोड आणला. कामगारांना निरोप गेले आणि कुणीही आलं नाही. दादा त्यांच्या टोळीचा म्होरक्या. तो आला नाही, म्हणून बाकीचेही नाहीत.

मी तरातरा त्याच्या घरी गेले.

"माझी छाती मला कळत नाही होय?" दादा म्हणाला. "साफ म्हणाले, मी गप्प बसलो. उद्या नापास झालो तर मला दारात कोण उभं करणार? तुझं यंत्र खरं बोलायला लागलं म्हणून आमच्या चुली पेटणार आहेत का?"

वहिनी भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "आणि मी आपली आनंदात सगळ्यांना सांगत सुटले."

वहिनी उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"उद्या जायचं. नाहीतर मी येऊन त्या खडी मशीनसमोर बसते. मग बघा."

दुसऱ्या दिवशी दादा आला, आणि त्याच्यामागे अख्खी टोळी. व्हरांड्यात रांग लागली.

त्याची फिल्म मीच धुतली. इतकी उत्तम फिल्म माझ्या हातून आजवर निघाली नव्हती. बरगड्या, हृदयाची कड, सगळं जिथल्या तिथे. आणि दोन्ही फुप्फुसांत वरपासून खालपर्यंत पीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके. साहेबांनी पाहिलं आणि चष्मा काढून हातात धरला. मला रडू आवरेना.

"रडतेस काय, वेडे? दाखव मला," दादा म्हणाला.

त्याने पाहिलं. "हे सगळे दगड?"

"हो, दादा."

"जातील?"

"नाही. वाढू नयेत म्हणून काम सोडायचं. तेवढंच आपल्या हातात आहे."

त्याने शर्ट चढवला. गुंड्या खालीवर लागल्या. मला लहानपणी शाळेसाठी तयार करणारा माझा भाऊ, आणि मला पुढे होऊन त्या नीट लावायचंही धैर्य झालं नाही. मग त्याने दार उघडलं. व्हरांड्यातली कुजबुज थांबली.

"काय निघालं?" कुणीतरी विचारलं.

"काय निघणार? साफ!" दादा मोठ्यांदा हसला. हसता हसता आलेला खोकला त्याने कसाबसा गिळला. "उगाच टरकलो होतो. चला रे, एकेक जण आत जा."

तो माझ्याजवळ वाकला.

"खरं सांगितलं असतं तर एकही थांबला नसता," तो हळूच म्हणाला, आणि जाऊन रांगेच्या शेवटी, बाहेरच्या दारापाशी वाट अडवून उभा राहिला.

मी डोळे पुसले आणि पुढच्याला आत बोलावलं.