चोकचेरी स्ट्रीटचा नकार

टॅमरॅक फॉल्समधले सगळे रस्ते डांबरी होते, फक्त चोकचेरी स्ट्रीट खडीचा. सॉल्वाग ब्राटलंड त्या वसंतात शहराची चिटणीस म्हणून आली आणि पहिल्याच आठवड्यात तिची गाडी त्या रस्त्याच्या चिखलात रुतली. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच भुंगा: हाच रस्ता का राहिला?

"तिथल्या लोकांनाच नकोय," महापौर गॉर्डी पेल्झर म्हणाला. महापौरकी सांभाळून तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याच्या नखांतलं काळं ग्रीस सभेतही जायचं नाही. "चार वेळा विचारलं. चारही वेळा नाही."

"पण कोण नाही म्हणालं?"

"कोण म्हणजे? आर्डिस क्वाम. अख्ख्या मिनेसोटात असली हट्टी बाई सापडायची नाही."

सॉल्वागचं समाधान झालं नाही. तिने गल्लीत विचारलं, तर सगळ्यांनी आर्डिसच्याच घराकडे बोट केलं. समोरच राहणाऱ्या लवॉन श्ट्रिचने तर दारातच सुनावलं, "माझा नवरा हार्लन चाकाच्या खुर्चीत होता. बर्फ वितळला की दोन महिने घरात कोंडलेला. आर्डिसला चार वेळा विचारलं, चार वेळा नाही! नव्व्याण्णव सालापासून मी तिच्याशी बोलत नाही. हार्लनच्या अंत्यविधीला ती केक घेऊन आली, तोही मी परत पाठवला."

एकटी बाई रस्ता अडवते कशी, हे सॉल्वागला समजेना. तिने शहराची सनद, म्हणजे कारभाराची मूळ नियमावली काढली. नियम असा होता: रस्त्याच्या सुधारणेला त्या रस्त्याला लागून असलेल्या जागेपैकी दोन-तृतीयांश लांबीच्या मालकांची लेखी संमती हवी, आणि ज्याचं उत्तर येणार नाही त्याचा नकार धरायचा.

मग तिने जुने नकाशे पसरून बेरीज केली. दोन्ही बाजू मिळून तीन हजार फूट. संमती हवी दोन हजार फुटांची. आर्डिसचे होते जेमतेम साठ. आणि हिवाळ्यात पोरं जिथे स्केटिंग करतात ते मैदान, त्याला लागून पाण्याच्या टाकीची जागा, हे सगळं मिळून अकराशे फूट एकाच मालकाचे होते. तिने पुन्हा बेरीज केली. मालकाचं नाव होतं, टॅमरॅक फॉल्स शहर.

जुन्या फायलीत चारही वेळची पत्रं सापडली. शहराने शहराला पाठवलेली, उत्तराची जागा कोरी.

गॉर्डीने ती उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे आम्हीच आम्हाला पत्र लिहिलं, आणि उत्तर द्यायचं राहून गेलं?"

"चारही वेळा. साऱ्या गल्लीने एकमुखाने हो म्हटलं असतं ना, तरी शंभर फूट कमीच पडले असते."

गॉर्डी खुर्चीत मागे रेलला. "आर्डिसला कोण सांगणार?"

"मीच जाते," सॉल्वाग म्हणाली. आर्डिसने नकार का दिला हे मात्र फायलीत कुठेच नव्हतं, आणि तेच तिला जाणून घ्यायचं होतं.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या आर्डिसने कॉफी ओतली, ऱ्हुबार्बच्या आंबटगोड वड्या पुढे केल्या आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माझा नकार मोजलाच नाही?"

"मोजला, मिसेस क्वाम. पण तो नसता तरी रस्ता झाला नसता."

"अगं, तीस वर्षं लोकांचे टोमणे खाल्ले मी!" तिचा आवाज चढला. "आणि ते एका रिकाम्या मैदानापायी?" मग ती हसू लागली. हसता हसता डोळे पुसू लागली.

"तुम्ही नाही का म्हणालात?"

"माझ्या नवऱ्यासाठी, एमिलसाठी. त्याची नजर गेली होती. होता तोवर रोज या रस्त्याने टाकीपर्यंत चालत जायचा. खडीवर गाडी आली की त्याला लांबून ऐकू यायची, तो बाजूला व्हायचा. डांबरावर काय ऐकू येणार? पण आंधळा म्हणून माझी कोणी कीव करायला नको, अशी त्याची ताकीद. मग सांगणार कुणाला?"

सनद समितीची सभा जूनमध्ये वाचनालयात भरली. सनदेतली दुरुस्ती साधी होती: आलेली उत्तरं तेवढीच मोजायची, आणि शहराने स्वतःचं मत उघड सभेत द्यायचं. गॉर्डीने अकराशे फुटांची गोष्ट स्वतः सांगितली, मान खाली घालून. खोलीत आधी कुजबुज झाली, मग सगळ्यांच्या माना आर्डिसकडे वळल्या.

ती काठी टेकत उठली. "हा बदल करा. ज्याला नाही म्हणायचंय त्याने तोंड उघडून म्हणावं. मी म्हटलं होतं." आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिने एमिलबद्दल सांगितलं.

मागच्या रांगेतून लवॉन म्हणाली, "हे मला कधी बोलली नाहीस तू, आर्डिस."

"तू विचारलंस कधी? तू नुसती ओरडलीस."

"हार्लनला रोज खिडकीशी बसलेला बघत होते मी. ओरडू नको तर काय करू?"

"बघत होते मीसुद्धा," आर्डिस म्हणाली. "समोरच तर राहते."

सभा संपल्यावर दोघी पायऱ्यांवर उभ्या दिसल्या, हातभर अंतर ठेवून. बोलत होत्या एवढं खरं. काय, ते सॉल्वागला ऐकू आलं नाही, आणि त्याची तिला फार चुटपुट लागली.

नोव्हेंबरच्या मतदानात दुरुस्ती मंजूर झाली. पुढच्या वसंतात चोकचेरी स्ट्रीटला पाचव्यांदा पत्रं गेली. शहराने यावेळी सभेत हात वर करून हो म्हटलं. आर्डिसचं उत्तर सर्वांत आधी आलं: हो. सगळ्या उत्तरांत नकार एकच निघाला. त्यावरचं नाव सॉल्वागने दोनदा वाचलं आणि ती थेट लवॉनच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मिसेस श्ट्रिच, तुम्ही?"

"हार्लन आता नाही. गुळगुळीत रस्ता झाला की सगळी पोरं इथूनच गाड्या पळवणार." लवॉनने दार आणखी उघडलं. आत टेबलाशी आर्डिस बसली होती. "मी हिला सांगितलं, मी नाही म्हणणार आहे म्हणून. ही म्हणाली, म्हण की."

"रस्ता तर होणारच," आर्डिस आतून म्हणाली. "ये गं, बस. कॉफी गरम आहे."