साखरबाबाचा दिवा

बहात्तरच्या दुष्काळात भूम तालुक्यातल्या विहिरींना पाणी नव्हतं, पण साखरबाबाच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. तांब्याच्या हंड्यावर परात. परातीत सव्वाशेर साखरेची पुरचुंडी ठेवली, की हंड्याच्या गळ्यावरचा दिवा पेटायचा. ना तार, ना खांब!

"अमेरिकावाले यंत्रानं साखरेतून वीज काढत्यात, आमी भक्तीनं काढतो!" बाबा गरजायचा. "दिवा लागंल त्याच्या घरचा अंधार फिटंल. दिलेल्या पुरचुंडीची गाठ सोडायची न्हाय. अन् दवाखान्यात गेलात, तर कोप व्हईल!"

खडी फोडणारी चांगुणा महिनाभर लेकीचा हात धरून रांगेत येत होती; सव्वाशेर साखर नाही म्हणून परत फिरायची. लेक शिवकांता दिवेलागणीनंतर चाचपडायची. आता उजव्या बुबुळावर पांढुरकं आलं होतं. बब्रुवान मास्तर तीनदा घरी येऊन सांगून गेले होते, "चांगुणाबाई, साखरेतून वीज निघते, खोटं नाही. पण मीटरची सुई हलेल एवढीच, आणि त्यात साखर खर्ची पडते. बाबाची पोती तर भरलेली बाहेर जातात! पोरीला धाराशिवला न्या."

"कोप तुमच्या घरावर न्हाय व्हायचा, गुरुजी."

रेशनची साखर होती पावशेर. मग चांगुणानं पाप केलं. खाली खडी भरली, वर साखर पसरली, गाठ मारली. पोरीच्या डोळ्यांसाठी तिनं देवाला फसवलं.

पुरचुंडी परातीत पडली. दिवा लागला!

"बघा माउलीची भक्ती! दाणा न् दाणा देवानं गोड मानला!"

चांगुणा परातीपुढं आली. "महाराज, ती खडी हाय. म्या फोडलेली."

बाबा हसला, "तुझ्या भक्तीनं खडीची साखर झाली, बाई!"

"व्हय? मग खा की!"

तिनं गाठ सोडली. काळी खडी परातीत खडखडली. गर्दीतून मास्तर पुढं आले, त्यांनी परात उचलली. खाली स्प्रिंग, पत्र्याची पट्टी अन् टॉर्चचे दोन सेल. वजन पडलं की पट्टी टेकायची, दिवा लागायचा. साखरेचा त्यात काडीचा संबंध नव्हता. बाबा जीपमधून पळाला. पोती आधीच गेली होती.

धाराशिवचा डॉक्टर म्हणाला, "खायला पालेभाजी नाही, दूध नाही, म्हणून हे झालं. औषध पैशा-दोन पैशांचं. डावा डोळा वाचेल. उजव्यासाठी महिनाभर आधी यायला हवं होतं."

महिनाभर आधी चांगुणा रांगेत होती. 'दवाखाना सोड, बाबाकडं जा' म्हणत तिला रांगेत उभं करणारे गावातले शहाणे आजही मिशीला पीळ देत फिरतात. डोळा गेला तो पोरीचा.

आता गावात नवा बाबा आला, की चांगुणा खडीचा तुकडा घेऊन पारावर जाते. म्हणते, "पाया मागनं पडा. आदी ह्यो दगड ठिवून बघा."