चिमाईची जामगी

सासू गडाखाली गेली, तर रखमाजी नाइकाला चुलीजवळची जागा मिळणार होती, जाड घोंगडी मिळणार होती आणि भाकरी खाताना कानाला विसावा मिळणार होता. धान्यात मात्र फायदा नव्हता. एक तोंड गेलं की कोठारातून त्या तोंडामागे मिळणारा रोजचा पसाभर नाचणाही बंद व्हायचा.

मोगलांचा वेढा पडून करंजगडाला सात महिने झाले होते. हवालदार गोदाजींनी हुकूम काढला : बिनकामाची तोंडं गडाखाली घालवा. सासूचं, चिमाईचं, गाव तर मोगलांनी केव्हाच जाळलं होतं. म्हातारी खाली जाऊन जगणार नव्हती, हे सगळ्यांना कळत होतं. रखमाजीची बायको सगुणा आईचं गाठोडं बांधत होती आणि नवऱ्याकडे बघत नव्हती.

दरवाजाचा पहारा रखमाजीचाच. गाठोडं काखेत मारून चिमाई त्याच्यासमोर उभी राहिली.

"उघडा कवाड, जावईबापू. घोंगडी उन्हात टाका बरं, ढेकणं हाईत. तुमच्यासारखीच, हलता हलत न्हाईत."

रखमाजीचा हात अडसरावर होता. तो तिथंच राहिला; मान मात्र मागे उभ्या गोदाजींकडे वळली.

"हवालदार, म्हातारी कामाची हाय. बंदुकीचा बार पेटवायची जामगी वळती."

"ही? बोटं बघ तिची, आल्याच्या गड्ड्यावानी."

"म्हणून तर पीळ घट्ट बसतो."

गोदाजींनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बरं. रोज दहा हात दोर. संध्याकाळी मी मोजून घेणार."

चिमाईला वातसुद्धा वळता येत नव्हती. तेव्हा रोज दुपारी पहारा सुटला की अंबाडीचे तंतू घेऊन रखमाजीच बसे, आणि सासू शेजारी बसून देखरेख करी.

"ह्यो पीळ? लग्नात फेटा असाच बांधलावता. तवाच म्या सगुणाला म्हनलं, बघ बाई, अजून येळ हाय."

"मामी, कवाड अजून तिथंच हाय बरं का."

"मग उठा की! दोर कोन वळंल?"

पाच महिन्यांनी मोगलांनी वेढा उठवला, तंबू मोडले. गोदाजींनी जामगीबद्दल चिमाईला भर सदरेत लुगडं दिलं. देताना ते रखमाजीच्या सोललेल्या तळव्यांकडे बघून मिशीत हसले. म्हातारीनं मानानं लुगडं घेतलं. खांद्यांची हाडं वर आली होती, ते रखमाजीला तेव्हा दिसलं.

घरी त्यानं बायकोला विचारलं. सगुणा म्हणाली, "दोर वळणाऱ्याला जास्त लागतं, म्हणायची. रोज आपली अर्धी भाकर तुमच्या पानात सारायची. सांगू नको म्हणून माझ्या गळ्याची आण घातलीवती."

म्हणजे गडानं दिला रोजचा एक पसा, गोदाजींनी एक लुगडं, रखमाजीनं तळहाताची कातडी; आणि चिमाईनं पाच महिने, रोज अर्धी भाकर.