तीन रंग खोल

जगनचा हात काही केल्या गप्प बसेना. महापालिकेत उभी हयात पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवण्यात गेलेली. मुठीत फिरणारं काही आलं की गडी ते फिरवणारच. आत्ता मुठीत होडीच्या मशीनचा थ्रॉटल होता, पिळला की वेग वाढवणारा. खाडीत फिरायला होडी बाळकुमच्या गणूकडून मागून आणलेली. पुढे गळाची काठी धरून बसलेला एकुलता एक मुलगा सम्यक, उद्या कॅनडाला निघालेला. तीन वर्षांची नोकरी.

"पप्पा, स्लो! पळवताय कशाला?"

"कुठे पळवतोय?"

"ल्युअर वर आलाय ना पार. जिताडा मासा तळाला असतो, आपण वरून फिरवून काय फायदा?"

सम्यकची दोरी नव्या तऱ्हेची होती. पोटात शिशाची तार आणि दर पाच वावांवर, म्हणजे तीसेक फुटांवर, वेगळा रंग. जितके रंग पाण्यात सोडाल तितका टोकाचा खोटा मासा, तो ल्युअर, खोल जाणार. पण होडी जोरात हाकली की शिशाचंही काही चालत नाही, दोरी उचलली जाते आणि मासा वर येतो.

"तीन रंग सोडलेत. एकदम आरामात चालवा," सम्यक म्हणाला.

जगनने वेग उतरवला. होडी पुलाच्या खांबांना वळसा घालून आली, परत गेली. तेवढ्यात घरून, वर्तकनगरहून, बायकोचा, नीलाचा फोन. जगनने तो स्पीकरवर टाकला.

"लागला का काही? मसाला वाटून ठेवलाय. एक मिळाला की लगेच निघा हां. त्याची बॅग भरायचीय अजून."

एक मिळाला की निघा. ते वाक्य जगनच्या डोक्यातून हलेना. मासा लागला की घर, घर आलं की बॅग, बॅग भरली की विमानतळ. त्याला एकदम त्या जिताड्याचा रागच आला.

"पप्पा, थांबा! काहीतरी टोचतंय!" सम्यक ओरडला. काठीचं टोक थरथरत होतं.

जगनने मूठ पिळली. होडी उसळली, दोरी ताणली गेली आणि मासा निसटून काठी पुन्हा सरळ झाली.

सम्यक वळला. त्याने बापाच्या मुठीकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"हात घसरला रे," जगन पुटपुटला. चोरी पकडल्यासारखी लाज वाटली त्याला. पोराला इतकी हौस, आणि आपण हे काय करून बसलो? त्याने मशीन अगदी हळू केलं. "आता नाही करत. सोड तुझे तीन रंग. नेऊ तुझ्या आईला जिताडा."

सम्यकने रीळ फिरवलं, पण उलटं. एक रंग आत आला. मग दुसरा. पाण्यात एकच उरला.

"अरे, वर येईल ना तो! एवढ्यावर जिताडा कुठे लागतो?"

"नाही लागत, माहितीये," सम्यक म्हणाला. "तुम्ही चालवा."