तीनशे खंडीचं वहाण

ही गोष्ट लिहायची नाही असं मी जवळजवळ ठरवलंच होतं. दोनदा सुरुवात केली आणि दोनदा पानं फाडली. यात वेरशी काही फार चांगला माणूस दिसत नाही. कच्छातल्या मांडवीच्या दर्यावर्दी खारव्यांबद्दल वाईट बोलायला बाहेरचे लोक भरपूर आहेत, त्यात आपण कशाला भर घालायची, असं वाटत होतं. पण त्याला चांगला करायला गेलो की गोष्टच मरते. म्हणून जसं झालं तसं लिहितो.

वेरशीला प्रेमजी मापाऱ्याचा सूड घ्यायचा होता. अठरा वर्षं. सकाळी उठून तोंड धुण्याआधी त्याला ते आठवायचं.

तेव्हा मांडवी बंदर नुसतं फुगत चाललं होतं. झांजीबार, मस्कत, मलबार, सगळीकडून वहाणं यायची. नदीकाठी सुतार नवीन वहाणं बांधायचे आणि एक पाण्यात उतरायच्या आत दुसऱ्याचा कणा मांडलेला असायचा. ज्यांनी जन्मात समुद्रात पाय घातला नव्हता, तेसुद्धा वहाणात हिस्सा घ्यायचे. आणि येणाऱ्या प्रत्येक वहाणाकडून बंदर आपला कर घ्यायचं, वहाणात माल किती खंडी मावतो त्यावर. ते ठरायचं प्रेमजीच्या दोरीने.

सुताची दोरी, हाताहातावर गाठ मारलेली. मोजायच्या आधी प्रेमजी ती समुद्रात बुडवायचा. "दर्याचं पाणी लागलं की माप पवित्र होतं," म्हणायचा. सूत भिजलं की आखडतं हे खारव्याच्या शेंबड्या पोरालाही कळतं. आखडलेल्या दोरीने मोजलं की वहाण आहे त्यापेक्षा मोठं भरतं. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे गप्प बसून कोऱ्या, ती कच्छी चांदीची नाणी, मोजून द्यायचे.

वेरशीचा बाप राणसी नाखवा गप्प बसला नाही. "दोरी वाळव, मग मोज," म्हणाला. भर धक्क्यावर, पन्नास माणसांत.

प्रेमजी हसला. "नाखवा, वाळवतो. तोपर्यंत तुमचं सुकाणू माझ्याकडे राहू दे."

कर थकला की वहाणाचं सुकाणू काढून घ्यायची रीत होती. राणसीच्या 'लक्ष्मीपसा'चं सुकाणू काढून जकातघराच्या भिंतीला टेकवून ठेवलं. राणसी हट्टाने भरेना, प्रेमजी सोडेना. पावसाळा तोंडावर आला. बाकीच्या नाखव्यांनी आपापली वहाणं ओढून काठावर घेतली, पण जप्तीतल्या वहाणाला हात लावायला कुणी धजेना. मग वरून पाऊस आला, नदीला लोंढा आला, आणि 'लक्ष्मीपसा' दोर तोडून वाहत जाऊन नदीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावर आदळली. वेरशी तेव्हा बावीसचा होता. काठावर बापाशेजारी उभं राहून त्याने तिच्या फळ्या एकेक सुटताना पाहिल्या.  पुढे दोन वर्षं राणसी किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांचे दोर वळायचा, आणि एक दिवस तसाच बसल्या बसल्या गेला.

सुकाणू मात्र राहिलं. जकातघराचे शिपाई त्याला बकऱ्या बांधायचे. वेरशी रोज तिथून जायचा. दुसरा रस्ता होता, पण तो मुद्दाम तिथूनच जायचा.

त्याला कुणी म्हटलं असतं की चल, प्रेमजीला दोन हाणू, तर तो गेला नसता. हाणलं की दोन दिवस दुखतं आणि मग लोक मार खाणाऱ्याचीच कीव करतात. वेरशीला प्रेमजीचं वहाण हवं होतं. त्याच दांड्यावर, तसंच. अडचण एवढीच की प्रेमजीकडे वहाण नव्हतं.

वेरशी वाटाड्या झाला. म्हणजे बाहेर नांगर टाकलेलं वहाण दांड्यावरून नदीत आणून द्यायचं काम. दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो, खोल पाण्याची वाट कधी इकडे कधी तिकडे. वेरशीला ती तळहातासारखी पाठ. वाटाड्या वहाणावर चढला की नाखवासुद्धा त्याच्या हुकमात. आणि तो वाट बघत बसला.

मग एके वर्षी प्रेमजीने वहाण बांधलं. पैसा चिकार झाला होता, मापाच्या दोरीतून झिरपलेला. वहाणाचं नाव ठेवलं 'प्रेमसागर'.

"सागर म्हणे," धक्क्यावरचा म्हातारा वल्हेकरी कानजी म्हणाला. "याला आंघोळीच्या घंगाळात बसवलं तरी ओकेल."

'प्रेमसागर' पाण्यात उतरली त्या दिवशी वेरशी गर्दीत होता. प्रेमजीने स्वतःच्या वहाणाचं माप स्वतःच घेतलं. दोरी समुद्रात बुडवली नाही. सकाळपासून उन्हात वाळत घातलेली होती, आणि दोन शिपाई दोन टोकांनी ती अशी ताणत होते की गाठी कुरकुरायला लागल्या. वहीत चढलं, तीनशे खंडी. वेरशीने नजरेने मोजलं. पाचशेच्या वर, एक दाणा कमी नाही.

तो घरी गेला आणि बायकोला म्हणाला, "आज काहीतरी गोड कर."

"का? काय झालं?"

"काही नाही. होणार आहे."

एक गोष्ट सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी एक वहाण दांड्यावर टेकलं होतं तेव्हा दोष मापावर येतोय असं दिसताच प्रेमजीनेच एक नियम करून घेतला होता. वाटाड्याने वहीतली नोंद बघायची. नोंद तीनशे खंडीपर्यंत असेल तर अर्ध्या भरतीला आत आणायचं. त्यापुढे असेल तर बाहेर थांबायचं आणि उधाणाच्या पूर्ण भरतीला आणायचं. नोंदीप्रमाणे आणलं की वाटाड्याला दोष नाही. नियम प्रेमजीचा, अक्षर प्रेमजीचं.

वाईट एकच झालं. 'प्रेमसागर'वर नाखवा म्हणून गेला सिदीक. सिदीक भडाला, म्हणजे तिथल्या मुसलमान दर्यावर्द्यांतला, वेरशीचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांनी एकाच वहाणावर पहिली सफर केली होती, एकाच भांड्यात जेवून. जाण्याआधी सिदीक भेटायला आला.

"प्रेमजीच्या वहाणावर जातोयस," वेरशी म्हणाला.

"मग कुणाच्या जाऊ? तुझ्या?" सिदीक हसला. "वहाण चांगलं आहे रे. मालक घाण आहे, पण मालक किनाऱ्यावर राहतो."

वेरशीने तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलला. गरम कावो घोटघोट पीत बसला आणि वाऱ्यापाण्याचं बोलला.

'प्रेमसागर' परत आली ती वैशाख संपता संपता, झांजीबारच्या लवंगांनी काठोकाठ भरून. पुनव होऊन सहा दिवस झालेले, पाणी मेलेलं, भरती बेताचीच. पुढचं उधाण अमावास्येला, आणि आकाश दक्षिणेकडून काळं व्हायला लागलेलं. वेरशी नावेत बसला तेव्हा आत आधीच दोघं होते. एक प्रेमजी, नवं पागोटं घालून, पहिल्या सफरीचं वहाण बघायला निघालेला. दुसरा कल्याणजी मुनीम, वही घेऊन. बंदराचा इजारा, म्हणजे कर गोळा करायचा ठेका, त्या वर्षी नव्या माणसाकडे गेला होता आणि हा त्याचा मुनीम होता. तरुण, कोरडा, कुणाकडचं पानसुद्धा न खाणारा.

वेरशीला वाटलं, देवाने ताट वाढून समोर ठेवलं.

वहाणावर चढताच सिदीकने त्याला मिठी मारली. अंगाला लवंगांचा वास. "केवढा वाळलायस," म्हणाला. मग हळूच, "भारी भरलंय, वेरशीभा. सात हात पाणी लागेल. अमावास्येपर्यंत थांबू ना?"

वेरशीने त्याच्याकडे बघितलं नाही. मोठ्याने म्हणाला, "मुनीमजी, वहाण किती खंडीचं?"

कल्याणजीने वही उघडली. "तीनशे."

"तीनशे म्हणजे अर्धी भरती. ती आत्ता आहे."

सगळे खलाशी थांबले. एकाच्या हातातला दोर तसाच राहिला. खारवे होते ते, त्यांना काय सांगायचं.

वेरशी प्रेमजीकडे वळला. अठरा वर्षं हे तोंड समोर ठेवून त्याने मनात बोलणी केली होती, पण आवाज आला तो अगदी मऊ. "शेठ, तुम्ही स्वतः मोजलंय. तीनशेच ना? चूक असेल तर आत्ता सांगा. मी नांगर टाकून बसतो, माझं काय जातंय."

प्रेमजीच्या ओठावर घाम आला. पाचशे म्हणावं तर मुनीम समोर बसलेला, मापारीपण तिथेच संपलं, वर चोरी. तीनशे म्हणावं तर खाली वाळू. त्याने वेरशीकडे पाहिलं, मुनीमाकडे पाहिलं, मग वेरशीकडे.

"जाईल ना?" तो म्हणाला.

"नोंदीप्रमाणे जाईल."

"शेठ," सिदीक मध्ये पडला, "पाणी सहा हात आहे. मी सांगतोय."

"तू नाखवा आहेस की मापारी?" प्रेमजी खेकसला. तो जन्मभर वहाणं मोजत आला होता, पण वहाण पाण्यात किती बुडतं हे त्याने कधी वाकून पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, वाटाडे नेहमी वाढवून सांगतात. त्याला वाटलं, कुठला वाटाड्या आपल्या हाताने वहाण बुडवेल. "तीनशेच आहे," तो म्हणाला. "घे आत."

वेरशीने सुकाणूवाल्याला हात केला.

पुढे फार वेळ लागला नाही. पुढचा माणूस काठीने पाणी मोजत ओरडत होता, आठ हात, साडेसात, सात. सातनंतर त्याचा आवाज बारीक झाला. साडेसहा. मग खालून एक लांब घसट आली, जसं कुणी जात्यावर वाळू दळावी. 'प्रेमसागर' थांबली. शीड अजून फुगलेलं होतं आणि डोलकाठी कण्हत होती. सिदीकने धावत जाऊन शीड उतरवलं. प्रेमजी धरायला काही न मिळून खालीच बसला होता. पागोटं पाण्यात गेलं होतं आणि आपलं आपण किनाऱ्याकडे निघालं होतं.

"शेठ," वेरशी म्हणाला, "पागोटं तीनशे खंडीच्या आतलं दिसतंय. ते गेलं बघा आत."

कुणी हसलं नाही. वेरशीला मात्र अठरा वर्षांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतल्यासारखं वाटलं.

अर्ध्या भरतीपर्यंत आलेलं पाणी त्या दिवशी पुढे चार बोटंच चढलं. ओहोटी लागली तसं वहाण कलंडलं. माणसं सगळी सुखरूप उतरली. दुपारपर्यंत 'प्रेमसागर' वाळूवर आडवी, पोट उघडं टाकून पडली होती, आणि बुडाच्या दोन फळ्या फुटल्या होत्या. भिजलेल्या लवंगांचा वास साऱ्या मांडवीभर. गाव लोटलं बघायला.

कल्याणजी मुनीम वहाणाभोवती एक फेरी मारून आला. मग शांतपणे म्हणाला, "कोरडी दोरी आहे का कुणाकडे?"

कानजी म्हाताऱ्याने हाताहातावर गाठी मारून दिली. मुनीमाने एक टोक धरलं आणि दुसरं धरायला माणूस शोधायला लागला. वेरशी पुढे झाला. कण्यापासून काठापर्यंत, पुढच्या नाळेपासून मागच्या सुकाणूपर्यंत तो एकेक गाठ मोठ्याने मोजत गेला, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी. हिशेब झाला. पाचशे वीस.

प्रेमजी तिथेच उभा होता, उघड्या डोक्याने. वेरशीने जाऊन दोरी त्याच्या हातात दिली. "घ्या. भिजवली नाही," म्हणाला. "राणसी नाखव्याच्या पोराने मोजलंय."

त्या रात्री वेरशी पोटभर जेवला.

आठवड्यात पहिला पाऊस यायच्या आत लाटांनी 'प्रेमसागर'चे तुकडे केले. प्रेमजीचं मापारीपण गेलं. वेरशी जकातघरात गेला, बकरी सोडली, बापाचं सुकाणू खांद्यावर घेतलं आणि चालता झाला. कुणी अडवलं नाही.

पण वहाण गेलं की कुणावर तरी ते लिहावं लागतं. वाटाड्या नियमाप्रमाणे सुटला. प्रेमजीने जाता जाता एक काम केलं, चार साक्षी उभे करून सांगितलं की नाखव्याने शीड उशिरा उतरवलं. मुनीमाला शिडातलं काही कळत नव्हतं, आणि चार साक्षींपुढे बंदराच्या वहीत तेच चढलं, की सिदीकच्या हयगयीने गेलं. बंदर दिसत असताना वहाण घालवलेला नाखवा. अशा माणसाला कुणी होडीसुद्धा देत नाही.

सिदीक घरी आला नाही, म्हणून वेरशीच गेला. सिदीक अंगणात फाटकं जाळं शिवत बसला होता. त्याच्यासारखा झांजीबारला जाणारा माणूस, आणि हातात मासेमारीचं जाळं. त्याने बस म्हटलं नाही, तरी वेरशी बसला.

"तुला माहीत होतं मी वर आहे," सिदीक म्हणाला.

"होतं."

"मग?"

"कुणी बुडणार नव्हतं. वाळू होती, ओहोटी होती. मी सगळं बघून केलं."

"माझं नाव बघितलंस?"

वेरशीने जाळ्याची सुटलेली कड उचलली आणि परत खाली ठेवली.

"तुझ्या बापाचं सुकाणू अठरा वर्षं भिंतीला होतं," सिदीक म्हणाला. "आता माझं तिथे टेकवलंस. बांधू दे लोकांना बकऱ्या."

सुई जाळ्यातून गेली, आली. 

"प्रेमजीचं मला काही वाटत नाही," वेरशी म्हणाला. "खोटं कशाला सांगू. आजही परत करीन. पण तुझं..."

"माझं वाटतं तर सांग. सगळ्यांसमोर, की तुला खोली माहीत होती, मी अडवलं होतं, आणि तू मुद्दाम घातलंस."

"वाटाडेपण जाईल."

"जाईल."

"प्रेमजी हसेल, भा. गावभर सांगत फिरेल, बघा, मी निर्दोष, याने डाव साधला. अठरा वर्षांचं सगळं पाण्यात. हसेल तो."

"हसेल," सिदीक म्हणाला आणि दात लावून दोरा तोडला.

वेरशी उठला. दारापर्यंत गेला, थांबला, परत आला. त्याला प्रेमजीचं हसणं ऐकू यायला लागलं होतं, ते धक्क्यावरचं, बापासमोरचं.

"आषाढी बिजेला," तो म्हणाला. "सगळे नाखवे आपलं कच्छी नवं वर्ष करायला नारळ घेऊन किनाऱ्यावर येतील तेव्हा. मुनीमालाही बोलावतो, वही घेऊन. प्रेमजी समोर बसून हसला तरी मी सगळं सांगेन आणि तुझं नाव त्या वहीतून खोडून घेईन. शब्द देतो, सिदीकभा."